दिवसाला दिवस

मास्तर, सावड मोडली नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुम्हाला धीर कधीच नव्हता. कुरुंद्याच्या आपल्या रानातली हळद काल निघाली, गड्ड्यांवरची हळकुंडं मोडूनही झाली, आणि आज रहीमभाईंचा हळद शिजवायचा कुकर लागलाय. त्याच्या वाफेपासून जरा लांब, बांधावर बसून लिहितेय. गुत्तेदार आला नाही, त्याचं यंत्र आलं नाही. भुजंगराव मात्र स्वतःची कुदळ घेऊन आले होते. होय, तेच भुजंगराव. आता निवांत बसा, सगळं ओळीनं सांगते, मधे मधे बोलू नका. जन्मभर तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. आज पहिल्यांदाच सलग बोलायला मिळतंय आणि त्याचा काही आनंद होत नाहीये, तेही लिहून ठेवते.

तुम्ही गेलात तेही कसं, तर हळदीचा पाला कापून झाला, शेवटची पेंढी बांधावर टाकलीत, घरी येऊन पाणी मागितलंत आणि मी तांब्या घेऊन बाहेर येईस्तोवर संपलं होतं. पाला कापलेली हळद जमिनीत फार दिवस ठेवता येत नाही, रान कडक झालं की कुदळीनं हळकुंडं तुटतात, हे मला तुम्हीच सांगितलेलं. म्हणजे रडायलासुद्धा बेतानंच वेळ दिलात.

तेरावं झालं तसा दादा वसमतहून आला. आडतीवरचा माणूस, लांबण लावत नाही. म्हणाला, "सुमन, हे सावडीचं खूळ दाजींसंगं गेलं. रान गुत्त्यानं, ठोक पैशात देऊन टाकू. गुत्तेदार मशीन लावून मोकळं करून देतो, तू कशाला तकलीफ घेतीस?" मी म्हटलं, गावकरी येतील ना. त्यावर तो हसला. "गरज सरो वैद्य मरो, गाव असंच असतंय. दाजी लोकायच्या रानात राबले ते राबले. आता फेडायला कोण येऊन राहिलंय?"

त्याचं खोटं नव्हतं. सावड म्हणजे काय, तर आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या सगळ्यांनी तुझ्या रानात. पैसा मधे येत नाही, दिवसाची फेड दिवसानंच करायची. गेलेल्या माणसाला दिवस फेडता येत नाही, मग त्याच्या रानात कोण येणार? आणि मास्तरांच्याच घरानं गुत्तेदार बोलावला असता, तर त्याच संध्याकाळी कुरुंद्यात सावड संपली असती. तुमची सगळी खटपट, ती भांडणं, तो तुमचा "दिवसाला दिवस"चा नेम, सगळं. मला माझ्या रानाची काळजी नव्हती हो. तुम्ही हरलात असं कुणी म्हणू नये एवढीच होती.

आता हे मी म्हणावं म्हणजे कमालच आहे. कारण तुम्हाला हरवायला मीच जन्मभर टपून बसले होते.

आठवतंय ना, लग्न नवं होतं तेव्हा तुम्ही माझ्या बाबांच्या आडतीवर आला होतात. हळदीचं बीट चालू होतं, लिलावात बोली चढत होती, आणि तुम्ही ढिगातली मूठभर हळकुंडं उचलून बाबांना म्हणालात, "मामा, ह्यात भाव दिसतो, पण ज्या बायांनी ही मोडली त्या दिसत नाहीत." बाबांनी बोली पुढे चालू ठेवली. रात्री आईला म्हणाले, "पोरगी दिली खरी, पण जावई धंद्याच्या कामाचा न्हाई." मी दाराआडून ऐकलं आणि मला तुमचा राग आला, बाबांचाही आला. घरी येताना एसटीत मी तुम्हाला सुनावलं की भाव घेणाऱ्याच्या गरजेवर ठरतो. मी लहानपणापासून आडतीवर बसलेली आहे, मला शिकवू नका. तुम्ही कॉलेजात पोरांना अर्थशास्त्र शिकवणारे. तुम्ही म्हणालात, वस्तूचं मोल तिच्यात मुरलेल्या कष्टातून येतं. मी म्हटलं, कष्टाला मोल असतं तर गाढव केव्हाच सावकार झालं असतं. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून हसला होता. तिथून जी सुरुवात झाली ती झालीच.

काय काय भांडलो आपण. शेजारच्या रानातल्या कोरड्या विहिरीवरून आपलं किती दिवस चाललं होतं. मी म्हणायची, बघा, माणसं घाम गाळून खोल खोल गेली, खडक फोडला, आणि पाण्याचा थेंब नाही. सांगा आता तिचं मोल. तुम्ही जेवता जेवता हात थांबवून म्हणालात, "नुसते कष्ट नाही ग, गरजेचे कष्ट. ज्याची चार माणसांना गरज आहे आणि त्या काळात, त्या साधनांनी जेवढे लागतात तेवढेच." मी म्हटलं, आली ना गरज शेवटी? माझीच गरज मागच्या दारानं आत घेतलीत. तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलं होतं ते मला अजून दिसतं.

आणि बांधावरचा आंबा. कुणी लावला नाही, पाणी घातलं नाही, तरी त्याचे आंबे विकतातच की. तुम्ही म्हणालात, उतरवायला चढावं लागतं. मी म्हटलं, आणि आपोआप पडलेले? तर म्हणे वेचायला वाकावं लागतं. तुमच्याशी वाद म्हणजे असा. माणूस थकून जायचा पण उठून जायचा नाही.

एकदाच मी खरी चिडले होते. म्हटलं, सगळ्या गावाच्या कष्टाचं मोल काढता, ह्या घरात रोज चूल पेटते तिचं काय? ती बीटावर जात नाही म्हणून तिला मोलच नाही? तुम्ही चुलीकडं बघितलंत. मला वाटलं आता काहीतरी पुस्तकातलं काढणार. पण पुढच्या रविवारी तुम्ही पीठ मळायला बसलात आणि म्हणालात, रविवारची भाकर माझी. मास्तर, तुमची भाकर एकदाही फुगली नाही. एका बाजूनं करपायची, दुसरीकडून पिठूळ, आणि एवढ्याला अर्धी सकाळ जायची. कष्टाच्या मानानं बघितलं तर त्या भाकरीला सोन्याचा भाव यायला हवा होता. मी ती खाल्ली, दर रविवारी, ठेच्यासोबत. तेराव्यानंतरचा पहिला रविवार परवा तिच्याविना गेला. मी भाकरी केल्या, चांगल्या टम्म फुगल्या, आणि एक घाससुद्धा गोड लागला नाही.

असो. सावडीचं सांगत होते.

सावड कुरुंद्यात आधीपासून होती, पण तिच्यात बाईचा दिवस अर्धा धरायचे. दोन बायांचा एक गडी. हळद निघाली की संध्याकाळी रानाचा मालक कडुलिंबाखाली उभा राहून मोठ्यानं पुकारा करायचा, अमक्याचा दिवस पुरा, अमकीचा दिवस अर्धा. कुठं लिहायचं नाही, सगळ्यांनी ऐकलं की झालं. तुम्ही निवृत्त होऊन रानात उतरलात आणि पहिल्याच पुकाऱ्याला म्हणालात, "माझ्या रानात दिवसाला दिवस. बाई असो का गडी, पुरा." कौसाबाई बायांची पुढारीण, ती पदर तोंडाला लावून हसत होती, पण बाया ताठ उभ्या राहिल्या होत्या. भुजंगराव उठले. "मास्तर, कुदळ मारणं अन् बसून हळद मोडणं एकच व्हय? काहून लोकायचं डोकं फिरवून राहिले?" त्यांच्या रानात बाईचा दिवस अर्धाच राहिला. तुमच्या रानात पुरा. आणि गावातली बाकीची रानं भुजंगरावांच्या बाजूला.

मी घरी तुम्हाला म्हटलं, पी हळद नि हो गोरी असं होत नसतं, जरा दमानं घ्या. तुम्ही कुठलं दमानं घेताय. गेल्या साली तुम्ही पैज लावलीत: एक दिवस गडी मोडायला बसतील आणि बाया कुदळ धरतील, मग बघू कुणाचं काम जड. बायांनी कुदळी घेतल्या आणि सावकाश का होईना पण रान काढलं. गडी मात्र दुपारपर्यंत कंबर धरून आडवे व्हायला लागले, कुणाची बोटं सोललेली, कुणाला गड्ड्यापासून हळकुंड कसं सुटतं तेच कळेना. भुजंगराव म्हणायला लागले की जागाच उताराची आहे. नाचता येईना अंगण वाकडं. तुम्ही तर हवेत होतात. जिंकलोच म्हणत होतात.

आणि मग रहीमभाई कुकर घेऊन आले. ढिगात हात घातला आणि तसेच उभे राहिले. "मास्तर, ये क्या किया? गड्डा अलग, हळकुंड अलग रखते ना? ये शिजेगा तो गड्डा कच्चा, हळकुंड गाळ." गड्यांनी जाडे जेठे गड्डे आणि बारीक हळकुंडं सगळी एकाच ढिगात टाकली होती. दोन्हींना शिजायला वेगवेगळा वेळ लागतो, एवढं लहान पोरीलाही ठाऊक. बायांना दुसऱ्या दिवशी सगळा ढीग परत निवडावा लागला. करायला गेलो गणपती, झाला मारुती. कौसाबाई निवडता निवडता म्हणाली, "मास्तर, गड्यायचा दिवस आता उलटा धरायचा का?" मला हसू आवरेना.

त्या रात्री मी तुम्हाला बरोबर कोंडीत पकडलं. म्हटलं, सांगा आता. गड्यांनी दिवसभर कष्ट केले, बायांपेक्षा जास्त घामेजले, आणि ढिगाचं मोल वाढायच्या ऐवजी घटलं. कुठं गेलं तुमचं कष्टातलं मोल? तुम्ही खाटेवर उठून बसलात. चष्मा शोधलात, बोलण्यासाठी चष्मा कशाला लागायचा देव जाणे. म्हणालात, "कसब म्हणजे साठवलेले कष्ट, सुमन. त्या बायांनी परकरात असल्यापासून केलेले दिवस त्यांच्या बोटांत मुरलेत. आज एक दिवस बसल्या तरी त्यात मागचे सगळे दिवस काम करतात."

मी म्हटलं, वा. मग दिवसाला दिवस कसं काय? मग दोन गड्यांची एक बाई धरा. तुमच्याच हिशेबानं बाईचा दिवस गड्यापेक्षा मोठा भरतो.

तुमच्या तोंडाला कुलूप. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात, म्हणालात, "थांब, ह्याचं उत्तर देतो." पाऊस पडून गेला, हळद लागली, वाढली, पाला पिवळा पडला, मी अधूनमधून विचारायची की काय झालं उत्तराचं, तुम्ही म्हणायचात, येतंय. आणि माझ्या हातावर तुरी देऊन निघून गेलात.

तर दादा गेल्यावर मी पायात चपला घातल्या आणि भुजंगरावांच्या ओट्यावर गेले. तुम्ही गेल्यापासून अजून कुणाच्या दारात गेले नव्हते. लोक बघत होते, बघू देत. म्हटलं, "भाऊजी, मास्तरांच्या रानाची पाळी आहे. तुम्ही येणार का?"

त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. "मास्तर तर गेले वहिनी. त्यायच्या रानात दिवस घातला तर फेडणार कोण?"

"मी."

"तुमी? आडतीवरची लेक तुमी, कधी मातीत हात घातला काय?" मग डोळ्यात डोळा घालून म्हणाले, "अन् बाईचा दिवस अर्धा असतो. हे ठाऊक हाय ना?"

मास्तर, काय झालं माहीत नाही. जे वाक्य मी तुमच्याकडून हजारदा ऐकून हजारदा खोडलं होतं, तेच माझ्या तोंडातून आलं. "मास्तरांच्या रानात दिवसाला दिवस. माझा दिवस पुरा धरायचा असेल तर या. अर्धा धरायचा असेल तर घरी बसा, मी एकटी मोडत बसेन." माझा आवाज एवढा चढला की त्यांची सून आतून डोकावली. भुजंगराव म्हणाले, "बघू." तेवढंच.

रात्रभर डोळा लागला नाही. दादाला फोन करून हो म्हणावं असं दोनदा वाटलं. उजाडता उजाडता रानात गेले तर बांधावर बाया बसलेल्या. कौसाबाई म्हणाली, "काकू, उशीर केला की तुमी." मला एकदम भरून आलं. म्हटलं, कौसाबाई, मास्तर तर नाहीत. ती म्हणाली, "न्हाईत कसे? आमच्या समद्यायच्या रानात त्यायचे दिवस पडून हायेत. ते फेडायचे का न्हाई?" मग दोघं-तिघं गडी आले. मग आणखी. उन्हं वर आली तोवर सगळी सावड रानात होती आणि सगळ्यात शेवटी, कुणाकडं न बघता, भुजंगराव आले आणि पहिल्या सरीत कुदळ घातली.

मी बायांच्या रांगेत बसले. हळद मोडणं म्हणजे काय असतं ते काल कळलं. गड्डा डाव्या हातात, उजव्यानं हळकुंड पिरगाळायचं, माती झटकायची, जेठा गड्डा इकडं, हळकुंड तिकडं. कौसाबाईची बोटं दिसतसुद्धा नव्हती. माझी नखं दुपारच्या आतच गेली. तळवे पिवळेजर्द झाले, ते अजून तसेच आहेत. कुणी हळू म्हणालं की एवढ्यात हळदीत हात घालावा का हिनं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या दोन्ही बाजूंना बायांचे ढीग चढत गेले आणि माझा आपला अर्ध्यावर. पण मिसळले नाहीत, मास्तर. गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. तेवढी अब्रू राखली.

संध्याकाळी सगळे कडुलिंबाखाली जमले. पुकारा रानाच्या मालकानं करायचा. म्हणजे आता मी. मी उभी राहिले. त्याच जागी तुम्ही उभे राहायचात, एक हात खोडावर ठेवून. मला ते खोड दिसलं आणि मी रडायला लागले. तेराव्याला रडले नव्हते एवढी. सगळं गाव उभं.

भुजंगराव पुढे आले. म्हणाले, "वहिनी, बसा तुमी. पुकारा मी करतो." मला वाटलं, आता हा माणूस सगळ्यांसमोर अर्धा म्हणणार, आणि एकदा पुकारा झाला की तो फिरवता येत नाही. त्यांनी घसा साफ केला. "मास्तराच्या रानात," ते म्हणाले, आणि जरा थांबले. "कौसाबाईचा दिवस, पुरा."

मग एकेका बाईचं नाव. पुरा. पुरा. पुरा. कौसाबाई पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. शेवटी त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सुमनवहिनीचा दिवस, पुरा."

मला राहवलं नाही. आडतीवरची लेक ना. म्हटलं, भाऊजी, माझा ढीग बघा, अर्धासुद्धा भरला नाही. ते म्हणाले, "ढीग मोजायचा न्हाई. मास्तरचा नेम हाय, दिवसाला दिवस." आणि मग खाली बघत, "गेल्या साली मोडायला बसलो व्हतो त्या दिशीच समजलं व्हतं. पण मास्तर समोर असेस्तोवर कबूल करायला जीभच वळंना. परवा माझ्या रानात हाय सावड. तिथंबी पुरा."

ऐकलंत? भुजंगरावांच्या रानात. पुरा.

आज सकाळी दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, दाजी जिंकले म्हणायचे. रहीमभाईंनी दोन्ही ढीग बघितले आणि म्हणाले, "आज सब बराबर. मास्तर देखते तो उड़ते." मी म्हटलं, उडालेच आहेत.

आता आपल्या वादाचं. मी रात्रभर विचार केला. माझा ढीग अर्धा आणि दिवस पुरा, हे तुमच्या सिद्धांतात कुठं बसतं? नाही बसत. कष्टानं मोल ठरतं म्हणावं तर मी घाम कौसाबाईइतकाच गाळला, पण ढीग अर्धा. कसबानं ठरतं म्हणावं तर माझ्याकडं ते नावाला नाही. गरजेनं ठरतं म्हणावं, तर माझ्या अर्ध्या ढिगाची कुणाला गरज होती? ती हळद बीटावर गेली की माझी कोणती आणि कौसाबाईची कोणती हे घेणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. तरी त्या सगळ्या माणसांनी माझा दिवस पुरा धरला. तुमची करपलेली भाकर मी पुरी धरायची, तसाच. मोल आधीपासून कुठं नव्हतंच, मास्तर, ते त्यांनी ठरवलं. म्हणजे मला वाटतं, वादात मी जिंकले. आणि रानात तुम्ही. एवढी वर्षं भांडून दोघंही जिंकलो, असं कुणाचं होतं सांगा.

तुम्ही जे उत्तर देतो म्हणाला होतात ते काय असतं, हे आता कळायचं नाही. त्याची रुखरुख राहील. पण ते शोधायला जे वर्ष तुम्ही घालवलंत, तुळशीपाशी येरझाऱ्या घालत, माझ्याकडं बघून मान हलवत, त्या वर्षाबद्दल मी तुमची ऋणी आहे. आडत्याच्या मुलीला आयुष्यभर बरोबरीनं वाद घालायला मिळाला, हे माझ्या आईला नाही मिळालं.

बरं, उठते आता. वाफ कमी झालीय, रहीमभाई हाक मारून राहिलेत. बोटं फार दुखतायत, रात्री तेल लावून झोपते. पहाटे लवकर निघायचंय. भुजंगरावांच्या रानात माझा एक दिवस फेडायचा आहे.